अण्णाभाऊंवर पाऊण तासाचा कार्यक्रम: कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पवईतल्या ज्या कंपनीत तुम्ही नोकरी करता, तिथल्या मराठी मंडळाने १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांच्यावर पाऊण तासाचा कार्यक्रम करायचं ठरवलंय आणि जबाबदारी तुमच्यावर आली आहे. तुम्ही लिहिता की शोधायला बसलं की सगळीकडे तेच तेच सापडतं: दीड दिवसाची शाळा, वाटेगावहून पायी मुंबई, चिरागनगरची झोपडी, रशियाचा प्रवास. ‘फकिरा’ कॉलेजात असताना वाचली होती, त्यापलीकडे वाचन नाही. आणि शेवटी एक शंका आहे: “त्यांची लोकनाट्यं म्हणजे पक्षाचा प्रचारच ना? आज आमच्या ऑफिसातली मुलं ती ऐकतील का?”

मी परळ-लालबाग भागात बरीच वर्षं लोकनाट्यं आणि अभिवाचनं बसवत आलोय. अण्णाभाऊंचं लेखन हॉलमध्ये, गल्लीत, चाळीच्या गच्चीवर, शाळेच्या वर्गात वाचलंय आणि वाचून घेतलंय. त्या जोरावर सांगतो. पण एक आधीच म्हणून ठेवतो: तुमच्याकडे गाणारा माणूस आहे का, ढोलकी मिळेल का, प्रेक्षकांत मराठी नीट न कळणारे किती, यावर बरंच अवलंबून आहे. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून काही ठिकाणी मी दोन्ही वाटा सांगेन.

तुम्हाला माहिती कमी पडत नाहीये. माहिती भरपूर आहे, पण ती सगळी माणसाबद्दलची आहे आणि त्याच्या लेखनापर्यंत पोचतच नाही. अण्णाभाऊंवरचे बहुतेक कार्यक्रम इथेच अडकतात. निवेदक पंचवीस मिनिटं हालअपेष्टा सांगतो, लोक हळहळतात, मग ‘माझी मैना’ होते, टाळ्या पडतात, संपलं. घरी जाताना ऐकणाऱ्याच्या मनात ‘बिचाऱ्याने काय काय सोसलं’ एवढंच उरतं. ज्या माणसाने पस्तीसेक कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या, लोकनाट्यं, पोवाडे, लावण्या, छक्कड (तमाशातला गाण्याचा एक प्रकार), प्रवासवर्णन लिहिलं, त्याला ‘बिचारा’ म्हणून निरोप देणं मला फार लागतं.

दीड दिवसाच्या शाळेचंच घ्या. ती गोष्ट सांगितली की सभागृह थक्क होतं. पण थक्क झालेला माणूस पुढचं ऐकत नाही, तो चमत्कार बघायला लागतो. अण्णाभाऊ चमत्काराने लेखक झाले नाहीत. त्यांचं रीतसर शिक्षण झालं होतं, फक्त ते शाळेच्या इमारतीत झालं नाही. एक शिक्षण तमाशाच्या फडात झालं. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशा होता, त्यात त्यांनी काम केलं. गण (सुरुवातीचं वंदन) कसा उभा करायचा, बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, समोरच्याचं वाक्य कसं झेलायचं, प्रेक्षक कंटाळायच्या आत वगाला, म्हणजे मुख्य कथानाट्याला, वळण कधी द्यायचं, हे त्यांनी तिथे अंगात भिनवून घेतलं. दुसरं शिक्षण मुंबईने दिलं. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख, मग कामगार चळवळीतली पत्रकं, सभा, अभ्यासवर्ग, आणि पुढे गॉर्कीचं वाचन. म्हणून निवेदनात शाळेचं एक वाक्य जरूर असू द्या, पण त्याच्या पाठोपाठ या दोन शाळा सांगा. ऐकणारा मग दयेने नाही, कानाने ऐकायला लागतो.

आता माझा मुख्य मुद्दा. तुम्ही प्रश्नात त्यांना ‘स्थलांतरित लेखक’ म्हटलंय, आणि मला वाटतं कार्यक्रमाचं सूत्र तुमच्या हाती तिथेच आहे. अण्णाभाऊ १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्मले. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला घरची मंडळी पायी मुंबईला निघाली. कागदावर हा प्रवास मराठी मुलखातल्या मुलखातच झाला. पण मांग समाजातल्या, भाकरीच्या मागे निघालेल्या कुटुंबाला भायखळा हा दुसरा देशच होता. पुढे माटुंगा लेबर कॅम्प, मग घाटकोपरचं चिरागनगर, शेवटी गोरेगावचं सिद्धार्थनगर, आणि तिथेच १८ जुलै १९६९ ला मृत्यू. म्हणजे जेमतेम एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यातला मोठा भाग या शहरात गेला.

आता त्यांच्या पुस्तकांची यादी समोर ठेवून एक गोष्ट बघा. रंगमंचासाठी लिहिलं तेव्हा त्यांनी बहुतेक मुंबई लिहिली, आजची मुंबई, त्या आठवड्यातली मुंबई. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’, ‘मूक मिरवणूक’ ही नावंच बोलकी आहेत. आणि कादंबरी लिहायला बसले की बहुतेक वेळा वारणेच्या खोऱ्यात परत गेले. ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ चिरागनगरच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाने लिहिल्या आहेत, पण त्यात माळ आहे, डोंगर आहे, घोडी आहे, जत्रा आहे. ही विभागणी शंभर टक्के नाही. ‘चित्रा’सारखी मुंबईत घडणारी कादंबरी आहे, आणि सावकार-इनामदारांवरची लोकनाट्यंही आहेत. तरी कल स्वच्छ दिसतो.

असं का झालं असावं, याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, प्रयोग करताना सापडलं. लोकनाट्याला समोर माणूस लागतो. गिरणीची पाळी सुटली की जमणारा, दिवसभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहून पाय सुजलेला, आठ-दहा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहणारा माणूस. त्याला तुम्ही त्याच्याच मुकादमाबद्दल, त्याच्याच घरमालकाबद्दल बोललात तर तो उभ्याउभ्या तासभर ऐकेल. कादंबरीला समोर कुणी नसतं. लिहिणारा एकटा असतो, आणि एकटा असलेला परगावचा माणूस कुठे जातो? आपल्या गावी. अण्णाभाऊंचं रंगमंचीय लेखन समोरच्या गर्दीने लिहून घेतलं आणि कादंबऱ्या मागे राहिलेल्या गावाने लिहून घेतल्या, असं माझं वाचन आहे. तुमचा कार्यक्रम या एका सूत्रावर उभा करा. चरित्र मग आपोआप आत येईल, आणि तेवढंच येईल जेवढं लागतं.

रंगमंचाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण याच भागाबद्दल लोकांना सर्वांत कमी माहीत असतं. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघांची ताकद वेगळी. अमर शेखांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा, गवाणकर गाणारे आणि बांधणी करणारे, अण्णाभाऊ लिहिणारे आणि सोंगाड्याचं भान असणारे. त्याआधी स्टालिनग्राडच्या लढाईवरच्या त्यांच्या पोवाड्याने त्यांचं नाव गिरणगावात झालंच होतं. कलापथकाने तमाशाचा साचा घेतला, पण त्यात मोडतोड केली. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी, मग वग. गणात गणपतीला वंदन असतं. अण्णाभाऊंनी तिथे मायभूमीला आणि तिच्यासाठी लढलेल्यांना वंदन आणलं. गवळणीतली कृष्णलीला, मावशीची छेडछाड काढून टाकली. सोंगाड्या मात्र ठेवला, आणि त्याच्या तोंडी सगळ्यात धारदार बोलणं दिलं. हा निर्णय कारागिराचा आहे. वेशीवरचा प्रेक्षक ज्या वाटेने ऐकायला सरावलेला आहे ती वाट त्यांनी बुजवली नाही, तिच्यावरून चालणारी माणसं बदलली.

याच्या शेजारी पठ्ठे बापूरावांची मुंबईवरची लावणी ठेवून बघा. ‘मुंबई नगरी बडी बांका’ ही ओळ तुमच्याही कानावर असेल. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, म्हणजे तेही वाळवा तालुक्यातलेच. एकाच तालुक्यातले दोन शाहीर, दोघेही गाव सोडून मुंबईला आलेले. बापूरावांनी मुंबईची ऐट गायली, तिचा डंका वाजवला. अण्णाभाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली तेव्हा त्यात मलबार हिलवरची इंद्रपुरी आणि परळात रात्रंदिवस राबून मिळेल ते खाणारी माणसं एकाच कडव्यात समोरासमोर उभी केली. बांधणी लावणीची, ठेका लावणीचा, पण नजर खालून वर बघणाऱ्याची. एका कार्यक्रमात या दोन्ही लावण्यांची दोन-दोन कडवी लागोपाठ म्हणवून घेतली होती, मध्ये एक शब्दही निवेदन न ठेवता. सभागृहाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्याकडे गाणारं कुणी असेल तर कार्यक्रमाची सुरुवात इथूनच करा. पवईच्या तलावाच्या एका अंगाला टॉवर आणि दुसऱ्या अंगाला झोपड्या रोज बघणाऱ्या तुमच्या प्रेक्षकांना ती लावणी जुनी वाटणार नाही.

आता प्रचाराचा प्रश्न. तो टाळू नका, कुणीतरी विचारणारच. होय, ती लोकनाट्यं चळवळीसाठी लिहिली होती आणि ते लपवायचं काही कारण नाही. अण्णाभाऊ कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. मोर्चाच्या आधी माणसं गोळा व्हावीत, संप टिकावा, मत कुणाला द्यायचं ते कळावं, यासाठी ते प्रयोग होत. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत सरकारने या प्रयोगांवर बंधनं आणली, ती काही उगीच नाहीत. ज्या प्रयोगाने काहीच हलत नाही त्यावर कुणी बंदी घालत नाही. पण सगळी लोकनाट्यं आज सारखीच उभी राहतात असं मी म्हणणार नाही. निवडणुकीवरची लोकनाट्यं संदर्भ दिल्याशिवाय कळत नाहीत. त्यातले टोले त्या काळच्या ओळखीच्या माणसांवर आहेत, आणि आज ऐकणाऱ्याला टोला कुणाला बसला तेच समजत नाही. ‘अकलेची गोष्ट’ मात्र बऱ्यापैकी चालतं, कारण कर्ज, सावकार आणि अडाणी समजला जाणारा माणूस शेवटी अक्कल कुणाकडे होती हे दाखवतो, ही मांडणी कुणालाही कळते. त्यातला एखादा संवाद, दहा-बारा मिनिटांचा, दोन चांगले वाचणारे असतील तर घ्या. पूर्ण लोकनाट्य बसवायच्या भानगडीत या वर्षी पडू नका. ढोलकी, तुणतुणं, कडं, झांज आणि सुरात झील धरणारे, म्हणजे मागून साथ गाणारे, तिघेचौघे नसतील तर लोकनाट्य कोरडं पडतं, आणि दोष मग लेखकाच्या माथी जातो.

कादंबरीच्या बाबतीत माझं मत तुम्हाला कदाचित रुचणार नाही. या कार्यक्रमात ‘फकिरा’ वाचू नका. १९५९ सालची ही कादंबरी थोर आहे, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला आहे, बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला ती अर्पण केलेली आहे. पण पाऊण तासात तिच्यातला सहा मिनिटांचा उतारा काढला की नेमका लढाईचा किंवा खजिना लुटण्याचा निघतो, आणि दुष्काळात माणसं कशी जगवायची हा जो तिचा खरा प्रश्न आहे तो बाहेर राहतो. फकिरा लुटतो ते गाव उपाशी आहे म्हणून, आणि शेवटी स्वतःला हवाली करतो ते त्याच्या माणसांना सरकारने डांबून ठेवलंय म्हणून. हे दोन टोकांचे निर्णय आहेत, आणि त्यांच्यामधला सगळा रस्ता चालल्याशिवाय ते भिडत नाहीत. ‘फकिरा’साठी वेगळा दिवस ठेवा, दीड तासाचा.

त्याऐवजी ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. गाव आणि मुंबई या दोन्ही बाजू जिथे एकमेकींना भिडतात, अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी मुंबईत काम मिळत नाही म्हणून उपनगराच्या कडेला, डोंगरालगत येऊन राहतो. दगडाच्या खाणीत काम मिळतं, बायको-मुलीसह संसार लागतो. मग एक दिवस खाण बंद होते. काम गेलेला भीमा चितेच्या राखेत सोनं शोधायला लागतो, पुढे पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. एका रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. कथेचा तो भाग वाचणाऱ्याला मी नेहमी सांगतो, आवाज चढवू नकोस, भीमाला भीती वाटत नाहीये, तो कामावर आलाय. दगड फोडताना जसा तो होता तसाच इथेही आहे. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि तो जायबंदी होतो. दोन बोटं जातात. आणि त्याच सुमाराला बातमी येते की बंद पडलेली खाण सुरू झाली. दगड फोडायची ताकद ज्या हातात होती तो हात आता निकामी झालेला आहे. एवढा मोठा गडी लहान पोरासारखा रडतो.

ही कथा वाचून झाली की ‘प्रचार’ हा शब्द कुणी काढत नाही, असा माझा अनुभव आहे. इथे भाषण नाही, घोषणा नाही. खाण का बंद झाली यावर लेखक एक परिच्छेदही खर्च करत नाही. ती बंद झाली, आणि सुरू झाली, बस. जिच्यावर माणसाचं पोट आहे ती गोष्ट त्याला न विचारता बंद होते आणि न विचारता सुरू होते. १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्या परत उघडल्याच नाहीत अशी माणसं मी या वाचनाला समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्यातले एक आजोबा वाचन संपल्यावर वाचणाऱ्या मुलापाशी आले, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसले. तुमच्या ऑफिसात वयाने लहान, शिकलेली मुलं असतील. पण नोकरकपातीची मेल त्यांनीही बघितलेली असते, त्यामुळे कथा त्यांच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री आहे. संक्षेप करताना खाण सुरू होण्याची बातमी कापू नका. पुष्कळ जण झुंजीवर थांबतात. तिथे थांबलं की ती भयकथा होते.

गाव आणि मुंबई भिडतात असं दुसरं ठिकाण म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’. ही छक्कड शेवटी घ्या, पण अख्खी घ्या. आपल्याकडे ती बहुतेकदा पहिल्या भागापुरती गायली जाते आणि विरहगीत म्हणून सोडून दिली जाते. आधी मैनेचं रूप येतं, मग गरिबीने केलेली ताटातूट, भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून मुंबईला निघणं, गावदरीपर्यंत पोचवायला आलेली मैना, तिला दिलेली दागिन्यांची वचनं. मग गाणं मुंबईत येतं, बेकारांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते, आणि हडसनची गाडी, नायलॉन-जॉर्जेटच्या साड्या, माडीवर माडी असं शहर एकामागून एक शब्दांनी अंगावर येतं. दागिन्यांची वचनं देऊन आलेल्या माणसाला हे सगळं दिसतंय, हे गाणाऱ्याने विसरता कामा नये. त्यानंतर मुख्य वळण आहे. गावी राहिलेल्या मैनेची जी गत, तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड लोकांच्या तोंडी झाली ती या वळणामुळे. गिरणगावात हजारो पुरुष बायकोला गावी ठेवून राहत होते. सीमाप्रश्न नकाशावर समजायला अवघड, पण घरच्या ताटातुटीवरून तो क्षणात समजला. गाणाऱ्याला सांगा की या वळणावर लय वाढवायची नाही. आधी एक मात्रा थांबायचं, झील धरणाऱ्यांनीही गप्प राहायचं, आणि मग त्या भागांची नावं एकेक करून स्वच्छ म्हणायची. रेकॉर्डेड ट्रॅकवर हे साधत नाही, म्हणून ढोलकीवाला प्रत्यक्ष हवा. अगदीच नाही मिळाला तर नुसत्या टाळीवर म्हणा, पण ट्रॅक नको.

इथवरचं एकत्र करून सांगतो, म्हणजे वेळेचा अंदाज येईल. दोन लावण्या आठ मिनिटं, लोकनाट्यातला संवाद दहा-बारा, कथा पंधरा, छक्कड सात-आठ. निवेदनाला तुमच्याकडे जेमतेम दोन ते पाच मिनिटं उरतात. ती कमी पडली तर लावणीचं कडवं कापा, निवेदन वाढवू नका. आणि गाणारं कुणीच नसेल, तर लावण्या व छक्कड सरळ वाचा. चाल न लावता, पण ठेका धरून. अण्णाभाऊंचे शब्द वाचतानाही ठेका सोडत नाहीत. तेव्हा कथेला वीस मिनिटं द्या.

भाषेबद्दल एक कळकळीची विनंती. मुंबईत वाढलेली मुलं वारणेकाठची बोली वाचायला घेतली की सिनेमातला ‘गावंढळ’ सूर लावतात, ‘आवं’ आणि ‘काय वं’ ताणून ताणून म्हणतात. त्याने पात्रं हास्यास्पद होतात. अण्णाभाऊंच्या कथेत निवेदन साध्या प्रमाण मराठीच्या जवळ आहे, बोली संवादात येते, तीही मोजकी. ती जशी लिहिली आहे तशी, आपल्या नेहमीच्या आवाजात वाचायला सांगा. तुमच्या कंपनीत वाळवा, शिराळा, कराड भागातलं कुणी असेल तर त्यांना एकदा तालमीला बोलवा आणि फक्त संवाद वाचून घ्या. बाकीचे ऐकून शिकतील. फेटे, धोतरं, खांद्यावर घोंगडी यातलं काही आणू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण दरवेळी वाद होतो म्हणून सांगतो. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते की आंबेडकरवादी, यावर कार्यक्रमानंतर कुणीतरी जोरात बोलेल. लेखन दोन्ही बाजूंनी बोलतं. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांचाच, आणि ‘जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मज भीमराव’ हे गीतही त्यांचंच. १९५८ च्या मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना त्यांनी सांगितलं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित आणि कामगारांच्या तळहातावर तरलेली आहे. त्यांनी दोघांना एकाच वाक्यात, एकाच तळहातावर ठेवलं. मला तर भीमाचा खाणीत दगड फोडणारा हात आठवतो. निवेदनात कुठल्याही एका बाजूला त्यांना ओढू नका. पृथ्वीचं ते वाक्य तेवढं सांगा.

आता परवानग्या. अण्णाभाऊंचं निधन १९६९ चं, आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. विनातिकीट, हौशी प्रयोगांना कायद्यात काही सूट आहे, पण तुमचा कार्यक्रम कंपनीचा आहे, चित्रीकरण करून तो नेटवर टाकायचा विचार असेल तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या. सूट असली तरी कळवणं ही रीत आहे. पुढेमागे लोकनाट्य नाट्यगृहात, लोकांसाठी करायचं ठरलं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, तारीख ठरवण्याआधी अर्ज करा.

संहिता कुठे मिळतील? राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांच्या निवडक वाङ्मयाचा जाड खंड काढलेला आहे. कथा, लोकनाट्यं, गाणी एकत्र बघायला तो सर्वांत सोयीचा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलात तर सुट्या आवृत्त्याही चाळता येतील. नेटवर फिरणारे गाण्यांचे शब्द छापील प्रतीशी ताडून घ्या. छक्कडीच्या मधल्या ओळी बऱ्याच ठिकाणी गाळलेल्या किंवा बदललेल्या सापडतात, आणि गाळल्या जातात त्या नेमक्या मुंबईच्या ओळी.

वाचायला सुरुवात या शनिवार-रविवारी ‘स्मशानातील सोनं’पासून करा, एकटे नाही, वाचणाऱ्या दोघातिघांना बरोबर घेऊन, मोठ्याने. कोण वाचणार ते तिथेच ठरेल. ढोलकीवाला मिळाला की इथेच कळवा, छक्कडीत कुठे थांबायचं आणि झील कुठे उचलायची ते ओळीनिशी लिहून देतो.